टांडेवरच्या विटा

प्रिय शालिनी,

समोरच्या खोलीत छताखाली मारलेल्या त्या फळीवरच्या, आपल्या टांडेवरच्या एका डब्याची खरी किंमत काय पडली, ते आज पहिल्यांदाच मांडून पाहिलं. डब्यावर छापलेली किंमत वेगळी. तिच्यात इंदूरहून बसच्या टपावर टाकून आणायचं भाडं घाल. उंदीर लागू नयेत म्हणून सुताराकडून मारून घेतलेली जाळी घाल. डांबराच्या गोळ्या, पावसाळ्यात पांघरायचं मेणकापड, आणि तुझं शिवणाचं मशीन, जे आपण घेतलंच नाही, कारण ते ठेवायच्या कोपऱ्यात उरलेले डबे आले. इथवर मला लिहिता आलं. पुढची रक्कम अशी आहे की एका घरात दोन माणसं इतकी वर्षं राहिली आणि एकाला दुसऱ्याची दुपार ठाऊक नव्हती. ती कुठे मांडायची ते मला कळेना. कागद घडी करून खिशात ठेवला आणि हा दुसरा घेतला.

पत्र आत्ताच का? गेल्या आठवड्यात राम घाटावर तुझं वर्षश्राद्ध झालं, आणि येत्या रविवारी समोरच्या कुसुम भाभींचा ट्रक येतोय. त्यांच्या मिस्टरांची बदली रतलामला झाली. भाभींच्या मागच्या खोलीत तू जे बांधून ठेवलं आहेस, ते रविवारच्या आत एकतर मोडून डब्यांत भरायचं, नाहीतर आहे तसं इकडे आणायचं. मला ठरवायचं आहे. तुला विचारल्याशिवाय हात लावायला धजत नाही. तू होतीस तोवर तुला विचारून मी फारसं काही केलं नाही, हे कुठल्या तोंडाने नाकारू?

आधी आवाजाचं सांगतो.

तुला माहीत आहे, माझा धंदा डोळ्यांवर नाही, कानांवर चालतो. गिऱ्हाईक आपल्या खेळण्यांच्या दुकानाच्या पायरीवर बायकोशी कुजबुजतं, "इतने में दे दे तो ले लेंगे," ते मला गल्ल्यावर ऐकू येतं, आणि मी नेमका तोच आकडा सांगतो. लोक म्हणतात दत्तूभाईला मनातलं कळतं. मनातलं कुठलं, ओठातलं कळतं.

तर तू गेल्यावर मी दुपारी घरी जेवायला यायला लागलो. हसू नको. तू होतीस तेव्हा डबा दुकानात मागवायचो आणि आता पोळीभाजी केंद्रातलं पुडकं घेऊन घरी येतो. पंखा बंद असला की माधव नगरात दुपारी किती शांत असतं, हे मला या वयात कळलं. अशाच एका दुपारी टांडेवरून आवाज आला. बारीक, कोरडी कुरकुर. मी घास थांबवला तर तीही थांबली. चावायला लागलो तर पुन्हा सुरू.

उंदीर म्हणून पिंजरा लावला. पोळीचा तुकडा दोन दिवस तसाच वाळला. मग मी टांडेखाली खुर्ची टाकून बसायला लागलो. तुझे डबे... माझे डबे, तुझे कशाचे, वर रांगेत उभे, जसे तू शेवटचे पुसून ठेवले होतेस. एक दिवस मी मोठ्याने विचारलं, "शालिनी, तू आहेस का?"

कुरकुर थांबली.

त्या संध्याकाळी मी दुकान उघडलं नाही. इतक्या वर्षांत आजारपण, लग्नकार्य, कर्फ्यू सोडून देवास गेटचं आपलं शटर संध्याकाळी कधी बंद राहिलं होतं? शेजारचा पानवाला विचारायला घरी आला. 

हे डबे आले कसे, ते तुला ठाऊक आहे, पण तुला सगळं सांगितलं नव्हतं. दुकानाला लागून एसटीडी बूथ झाला ना, त्याची आणि आपली मध्ये एकच प्लायवुडची भिंत. लोकांना वाटायचं काचेचं दार लावलं की आपलं बोलणं आपल्यापाशी राहिलं. सरकारचं नवं आर्थिक धोरण आलं होतं, केबल आली होती, कोणी ना कोणी आखातातून येत होतं. असाच एकजण तिकडच्या भावाला ओरडून सांगत होता, "वो ब्रिक वाला डिब्बा बच्चों को मत खोलने दे. बंद रहेगा तो बाद में तिगुने में जाएगा. कंपनी ने बनाना बंद कर दिया है." तो बोलून गेला. मी मात्र गल्ल्यावर बसल्या बसल्या श्रीमंत झालो. खेळणं विकून नाही, खेळणं न विकून पैसा होतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

इंदूरच्या एका स्टॉकिस्टकडे असाच बाहेरचा माल पडून होता. एकमेकांत बसवायच्या प्लास्टिकच्या विटा. किल्ला, अंतराळयान, आगीचा बंब. मी सगळा उचलला. ते डबे उतरवून घेताना तुझा चेहरा मला आजही दिसतो. डॉक्टरांकडे जाणं आपण तेव्हा नुकतंच सोडलं होतं.

"एवढी खेळणी?" तू म्हणालीस. "आपल्याकडे?"

"खेळणी नाहीत ही. गुंतवणूक आहे."

"मग बँकेत ठेवा ना हो. बँकेतल्या पैशांवर मुलांची चित्रं तरी नसतात."

मी हसलो होतो. चांगला टोला होता, दुकानात दोन-तीन जणांना तुझ्या नावाने सांगितलासुद्धा. तो टोला नव्हता, हे आता कळतं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी टांडेकडे पाहिलं आणि कैरीची डाळ खाता खाता म्हणाल्या, "अगं बाई, आशा सोडली नाही वाटतं अजून." मी आतल्या खोलीत होतो. मला ऐकू आलं. माझे कान, तुला माहीतच आहे. तू म्हणालीस, "पन्हं घ्या ना अजून थोडं." मी बाहेर आलो नाही. त्या रात्री आपण दोघं जेवलो आणि तो विषय तुझ्याही तोंडून निघाला नाही, माझ्याही. तुला वाटलं असेल मी ऐकलंच नाही. वाटलं होतं ना?

तू एकदाच मागितलंस. कुठलासा सण होता, बहुतेक संक्रांत, तू शिडीवर उभी राहून डबे पुसत होतीस. "एक उघडू या का हो? आत कसं असतं ते बघायला फक्त."

"डबा उघडला की माल मेला," मी म्हटलं.

"बरं," तू म्हणालीस.

तुझ्या त्या 'बरं'चा अर्थ मी आयुष्यभर 'ठीक आहे' असा घेतला.

आणि लक्ष्मीपूजन आठवतं? पहिल्या वर्षी दुकानातला गल्ला, तराजू आणि वहीबरोबर तू त्या डब्यांनाही कुंकू लावलंस. चांगलं ओलं, ठसठशीत, अनामिकेचं बोट. मी केवढा भडकलो होतो. "डब्याला डाग लागला की किंमत गेली." तू शांतपणे म्हणालीस, "लक्ष्मीला कुंकू लावलं तर किंमत जाते होय?" पुढच्या वर्षापासून तू डब्याच्या तळाला लावायला लागलीस. मी डबा कानाशी धरून हलवायचो, आत विटा कशा वाजतात ते ऐकायचो आणि जाहीर करायचो, "सीलबंद." मग तू डबा उलटा करून बोट टेकवायचीस. पुढचा डबा. "सीलबंद." सुधाताई भाऊबिजेसाठी आलेली असायची, ती म्हणायची, "दत्तू, डॉक्टर व्हायचास तू, छातीला नळी लावायची गरज पडली नसती."

एका वर्षी तू मुद्दाम विचारलंस. तुझा चेहरा अगदी साधा होता. "नीट ऐका हो. बरोबर वाजतोय ना?"

"अगदी कंपनीतून आत्ता आल्यासारखा," मी म्हटलं.

आता त्या दवाखान्यातल्या दिवसांबद्दल लिहायचं आहे आणि मी मगापासून ते टाळतोय.

शेवटी शेवटी तू बोलायची थांबली होतीस. डोळे मिटलेले. पण उजवा हात चालू होता. अंगठा बोटाच्या पेरावर टेकवायचा, दाबायचा, सोडायचा. मग पुढचं पेर. दाबायचा, सोडायचा. सुधाताईच्या ते आधी लक्षात आलं. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "दत्तू, बघ. वहिनीचा जप चाललाय." मग काय, ती बातमी सगळीकडे गेली. शेजारच्या कॉटवरच्या आजीची सून तुझ्या पायांवर डोकं ठेवून गेली. घाटावरचे आपले गुरुजी भेटायला आले तेव्हा हात जोडून उभे राहिले, म्हणाले, बोटांवर नाम घेत जाणं सगळ्यांच्या नशिबात नसतं. मला अभिमान वाटला, शालिनी. घरी तू कधी माळ घेऊन बसलेली मी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, दुपारी करत असेल. एकटी असते, करत असेल.

'दुपारी' या शब्दापर्यंत माझा अंदाज बरोबर होता.

तर गेल्या महिन्यात इंदूरहून एक तरुण गृहस्थ आले. असे जुने बंद डबे जमवणारे. कुठून तरी माझं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. पांढरे मोजे, हातात भिंग. मी शिडीवरून किल्ल्याचा डबा खाली काढला आणि सवयीने कानाशी धरून हलवला. आवाज थोडा बसका लागला. म्हटलं हवेत ओल आहे.

त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि उलटा केला. "ये लाल क्या है?"

"कुंकू. लक्ष्मीचं."

ते भिंगातून तुझ्या बोटाचा ठसा बघत बसले. इतके निरखून की मला कसंतरी झालं. आणि तेवढ्यात डब्याच्या कोपऱ्यातून पिठासारखी पूड त्यांच्या पँटवर सांडली, आणि पाठोपाठ एक छोटा भुंगा अगदी सावकाश, घरच्यासारखा, बाहेर चालत आला.

त्यांनी भिंग त्याच्यावर धरलं. मग मला म्हणाले, "भाईसाब, प्लास्टिक में घुन कब से लगने लगा?"

डबा उघडला. माझ्याच हाताने उघडला. आत प्लास्टिकच्या पिशव्या, आणि पिशव्यांत चिंचोके. काही तुकतुकीत, बाकीचे पोखरलेले. दुसरा डबा काढला, चिंचोके. अंतराळयानात चिंचोके. आगीच्या बंबात चिंचोके. टांडेवर मी जी कुरकुर ऐकत बसलो होतो, जिला मी तुझं नाव घेऊन हाक मारली होती, ती या किड्यांची होती.

ते गृहस्थ भले होते. हसले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले की मूळ विटा कुठे सापडल्या, डब्यांबरोबर आलेल्या चित्रपुस्तिकांप्रमाणे नीट लावून डब्यांत भरल्या, तर फोन करा, तरीही घेईन.

मला आधी वाटलं स्टॉकिस्टने फसवलं. मग वाटलं, भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी. बघ, तुझ्यावर शेवटपर्यंत संशय गेला नाही. हा तुझा गौरव समजायचा की अपमान? मूठभर चिंचोके घेऊन मी ओट्यावर बसलो होतो तर समोरून भाभींनी पाहिलं. त्या रस्ता ओलांडून आल्या, माझ्या मुठीत बघितलं आणि पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी आलं. हसण्याचं पाणी कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं, मला कळलं नाही.

"पकड़े गए," त्या म्हणाल्या. "दीदी, देखो, पकड़े गए." तुला उद्देशून म्हणाल्या. माझ्या खांद्यावरून मागे बघत.

मग सगळं सांगितलं. तू भाताचा कुकर लावायचीस, शिट्टी काढून त्या वाफेवर डब्याचं तोंड धरायचीस. गोंद आपोआप सुटायचा, पुठ्ठ्याला चीर पडायची नाही. विटा काढून घेतल्या की खळ लावून पुन्हा बंद. "पहले चने भरे थे," भाभी म्हणाल्या. "आवाज़ पतली आई. फिर राजमा डाला, तो मोटी हो गई. दीदी बोलीं, नहीं कुसुम, ये चलेगा नहीं, इनके कान बहुत तेज़ हैं. फिर एक दिन इमली साफ़ करते करते..." त्या थांबल्या आणि खास मराठीत म्हणाल्या, "चिंचोके."

"मग?"

"मग क्या, हर दिवाली को हम खिड़की में खड़े रहते थे, भाईसाब. आपकी आवाज़ यहाँ तक आती थी. सीलबंद, सीलबंद."

तीन घरांची चिंच फोडून बिया जमवल्यात म्हणे. आणि मी लोकांच्या ओठांतलं ऐकण्याची फुशारकी मारत गावभर हिंडत होतो.

भाभींनी मागची खोली उघडली. दोघी मुलींची लग्नं झाल्यापासून ती रिकामीच असते ना. खिडकी उघडली आणि मी बघितलं, आणि आधी मला काहीच समजलं नाही. सगळ्या डब्यांतला माल एकत्र. किल्ल्याच्या करड्या विटा, बंबाच्या लाल, यानाच्या निळ्या-पांढऱ्या, सगळी सरमिसळ. जमवणाऱ्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकावा. माझा चुकला. मग मला तो नळ दिसला. वाकडा, एका बाजूला. त्याच्या मागे न्हाव्याची खुर्ची. मग लाल बस, तिच्या खिडक्या एका मापाच्या नाहीत. तिकीटखिडकी. खांब.

देवास गेटचा बसस्टँड. आताचा नाही. आपल्या लग्नानंतरचा.

"ये कंडक्टर," भाभी म्हणाल्या. कंडक्टरच्या हातात तलवार होती, किल्ल्यातला शिपाई तो. "दूसरा कोई बचा नहीं था. दीदी बोलीं, ठीक है, वैसे भी छुट्टे पैसे माँगो तो काटने दौड़ता है."

"आणि हा?"

"ये आप हो."

मी अंतराळवीर आहे. पांढरा पोशाख, डोक्यावर काचेचं शिरस्त्राण, हातात उभी पिवळी काठी, आणि काठीला रंगीत तुकडे लटकवलेले. शालिनी, तो बांबू मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. बाबांची मिल बंद पडल्यावर बांबूला पिपाण्या, भिंगऱ्या आणि कागदी साप टांगून मी बसच्या खिडक्यांखाली फिरायचो. त्या दिवसांबद्दल मी लोकांना सांगतो, पण सांगतो ते कसं? शून्यातून उभा राहिलो, पायात चप्पल नव्हती, वगैरे. त्या सांगण्यात तू नसतेस. तू डबा घेऊन यायचीस आणि खांबाला टेकून उभी राहायचीस. मी गिऱ्हाइकाला दाखवायला पिपाणी वाजवायचो, भिंगरी फिरवायचो, साप फुंकून सोडायचो. गिऱ्हाईक न घेता निघून जायचं, बस निघून जायची, तरी तू तिथेच. "अजून एकदा सोडा ना तो साप," म्हणायचीस. भाजी गार व्हायची. मी सोडायचो.

त्यानंतर तुझ्यासाठी कधी काही सोडलं का मी? आठवून बघतोय.

"ती कुठे आहे यात?" मी भाभींना विचारलं. खांबाशी कोणी नव्हतं.

"हमने भी पूछा था. यूँ झुकी हुई थीं इस पर," भाभींनी वाकून दाखवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर. "बोलीं, मैं कहाँ होऊँगी, मैं तो ऊपर से देख रही हूँ."

खोलीत पंखा नव्हता. मी वर बघितलं नाही.

आपण काहीतरी बोलायला हवं म्हणून मी वेटिंग शेडकडे बोट दाखवलं. त्याचं छत अर्धंच होतं. "हे पडलं का?"

"नहीं, रह गया. उसके बाद आप लोग अस्पताल चले गए." भाभींनी ताटलीतून एक वीट उचलली. "बहुत मेहनत का काम है, भाईसाब. ऐसे रख देने से नहीं टिकता. अँगूठे से दबाओ, देखो, ऐसे. छोड़ो. फिर अगला."

अंगठा. दाबायचा, सोडायचा. मग पुढचं.

मी तिथेच, त्या स्टँडशेजारी फरशीवर बसलो. भाभी घाबरून पाणी आणायला धावल्या. आणि त्या तेवढ्या वेळात, तुला सांगतो, मला स्पष्ट ऐकू आलं. टक. खोलीत मी एकटा, हातात काही नाही. टक. थोडं थांबून पुन्हा. किडे नव्हते ते. किड्यांचा आवाज मला आता ओळखता येतो.

काय जोडत होतीस तू त्या कॉटवर? हे छत? सुधाताई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझ्या जपाचं सांगते. श्राद्धाच्या जेवणावळीतही सांगितलं, लोकांनी हातातला घास थांबवून ऐकलं. मी पानाकडे बघत बसलो. तिला सांगू का? मला वाटतं नको. तू म्हणशील, "बरं."

माझी एक तक्रार आहे, ती ऐकून घे. तू मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? भडकलो असतो, हे खरं. दोन दिवस बोललो नसतो. पण तिसऱ्या दिवशी मी दुपारचा आलो असतो की नाही? विचारून तरी बघायचं होतंस. एकदा विचारून तू सोडून दिलंस. गिऱ्हाईकसुद्धा दोनदा विचारतं गं. तू चार भिंतींत राहून समोरच्या घरी दुसरं गाव वसवलंस, त्यात मला उभा केलास, हातात बांबू दिलास, आणि मलाच त्यात येऊ दिलं नाहीस. हे बरोबर केलंस का?

आणि काठीला साप लावला नाहीस. बाकी सगळं आहे, मी बारकाईने पाहिलं. की प्लास्टिकच्या विटांचा साप होत नाही?

तर ठरवलं ते सांगतो. भाभींनी साऱ्या चित्रपुस्तिका गादीखाली जपून ठेवल्या आहेत. मोडून, निवडून, डब्यांत भरायचं म्हटलं तर आठवड्याचं काम, आणि ते इंदूरचे गृहस्थ रोख घेऊन उभे. मी भाभींना सांगून टाकलं, "एकही वीट हलणार नाही. त्या माणसाला मी नाही म्हटलंय. एवढा मोठा सौदा तुमच्या दीदीसाठी मोडला." भाभींनी डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात झालं की दत्तूभाईने बायकोच्या आठवणीसाठी लाखाचा माल लाथाडला. पानवाल्याने पैसे घेतले नाहीत. सुधाताईचा फोन आला, रडत होती.

शनिवारी सकाळी आपलं जुनं दार, जे अंगणात भिंतीला टेकवून ठेवलंय, ते स्टँडखाली सरकवायचं आणि चौघांनी उचलून रस्त्यापलीकडे आणायचं असं चाललंय. हमालाने विचारलं, "कंधे पे लें, सेठ?" मी इतक्या जोरात नाही म्हणालो की तो दचकला. हातांवर आणू. कमरेच्या वर जाऊ देणार नाही. समोरच्या खोलीत, टांडेखाली, खिडकीजवळ ठेवीन. डब्यांतले चिंचोके भाभी म्हणाल्या फेकून द्या, कीड पसरेल. डबे रिकामे करून, ऊन दाखवून पुन्हा वर ठेवले. तळ वर करून ठेवलेत, तुझं बोट दिसेल असे.

माझा शब्द असा. रोज दुपारी दुकानाला कुलूप लावीन आणि घरी येईन. शेडचं छत मी पुरं करीन. मला जमत नाही, माझा अंगठा जाड आहे, काल एक वीट बसवायला गेलो तर न्हाव्याची खुर्ची पाडली. तरी करीन. घाई करणार नाही. आणि तुला वाटलं, एखादी चुकीची लागली, तर टक करून सांग. मी ऐकत असेन.

राहिलं सौद्याचं. तुझ्यापाशी आता काय झाकायचं? मी त्या गृहस्थांना नाही म्हटलंच नाही. भाभींना ते सांगितलं त्याच्या आदल्या दिवशी त्यांचाच फोन आला होता, आता नको म्हणून. बाहेरचा माल आता खुला झालाय. कंपनीने पुन्हा काढलेले तेच डबे, नवे कोरे, इंदूरच्या एका दुकानात काचेत लागलेत, आणि एकावर एक फुकट मिळतायत.

तुझे,
'अहो'